मरळीच्या पाठीवरची राख

पोस्टकार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता. टपालाच्या पिशवीत कुठंतरी अडकून फाटला असेल असं समजून मी ते पर्समध्ये टाकलं, दुपारी निवांत वाचू म्हणून. अक्षर रशीदभाईंचं होतं. वाशीमच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर. वर्षातून दोनदा, ईदला आणि कॉलेजचा निकाल लागला की, त्यांचं कार्ड यायचं. नागपूरच्या ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी आता काम करते, तिथं डबा उघडताना मी ते कार्ड टेबलावर ठेवलं आणि समोर बसलेल्या बाईंचा घास हातातच राहिला. "अगं, कोपरा फाडलेला आहे... आधी वाच," त्या म्हणाल्या. मरणाची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडून पाठवतात हे मला माहीत नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला अशा कितीतरी गोष्टी उशिरा कळतात. कार्डावर चारच ओळी होत्या. संघई सर सोमवारी सकाळी गेले. छातीत कळ आली, पाणी मागितलं, ते येईपर्यंतही थांबले नाहीत. तुम्हाला कळवणं जरूर वाटलं... सकाळपासून मी ती बातमी पर्समध्ये घेऊन हिंडत होते.

त्याला आता सहा आठवडे होत आले. सरांवर लिहायला दुसरं कोणी पुढे आलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण वाशीमबाहेर त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि वाशीमात ओळखायचे ते बरेचसे कापडाच्या दुकानामुळं. संघईंचं दुकान बाजारात तीन पिढ्यांपासून आहे. सरांचे थोरले भाऊ ते चालवतात. गावातली जुनी माणसं सरांना प्रोफेसर म्हणत नसत, 'सुमतीसा' म्हणत, आणि कापड सोडून मासोळ्या कायले धरून राह्यले, असं तोंडावर विचारत. प्रश्न रास्तच होता. ज्या जैन घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्या घरातला मुलगा प्राणिशास्त्र शिकला हेच पुष्कळ होतं. बेडूक कापण्याचं प्रात्यक्षिक सर दुसऱ्या शिक्षकांकडे सोपवत आणि त्या बदल्यात त्यांचे दोन तास स्वतः घेत. ही अदलाबदल इतकी वर्षं चालली होती की वेळापत्रकात ती छापूनच येई. संशोधनासाठी विषय निवडतानाही त्यांनी एकच अट ठेवली होती : प्राणी मरता कामा नये. म्हणून ते माशाच्या अंगावरच्या बुळबुळीपाशी येऊन पोचले. ती चमच्यानं खरवडून घेता येते आणि मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो.

'बुळबुळ' हा शब्दही मला त्याच प्रयोगशाळेत मिळाला. माझे वडील पाटबंधारे खात्यात. त्यांची बदली वाशीमला झाली तेव्हा मी नागपूरच्या नन्सच्या शाळेतून बाहेर पडले होते आणि माझं मराठी घरातल्या चार खोल्यांपुरतं होतं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी पसरट भांड्यातल्या माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि याला काय म्हणतात ते विचारलं. मी इंग्रजी शब्द सांगितला. "बरोबर. आणि मराठीत?" पुस्तकात 'श्लेष्म' असा शब्द आहे, तो कोणालाच आठवला नाही. दारात घागर घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "बुळबुळ म्हनते त्याले, विंग्रजी बाई. बुळबुळ." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'मरळ, बुळबुळ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ती बाटली माझ्या हातात दिली. त्यानंतर त्या प्रयोगशाळेत दुसरा शब्द कधी चालला नाही.

ती बाई म्हणजे गिरजाबाई. अनसिंगकडून आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीनं यायच्या, घागरीत जिवंत मासे घेऊन. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तळी पुन्हा भरली होती आणि मरळ, मांगूर, वाम असे चिखलातले मासे भरपूर मिळत होते. सरांचा सगळा अभ्यास सुरू झाला तो गिरजाबाईंच्या हातांवरून. जाळ्यानं कापलेले, काट्यांनी टोचलेले, सदा ओले असलेले ते हात, आणि एकही जखम पिकलेली नाही. सरांनी एकदा विचारलं की तुमचे हात पिकत कसे नाहीत. "काय मालूम मास्तर. आमच्या भोयाईचे हात नाईच पिकत," एवढंच उत्तर आलं. दुसरा एखादा माणूस ते ऐकून पुढे गेला असता. सरांनी त्यावर चार वर्षं काढली. माशाच्या बुळबुळीत असं काही आहे का, जे माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंना अडवतं? प्रश्न एवढाच होता, आणि सरांच्या पीएच.डी.चा प्रबंध त्याच्यावर उभा राहायचा होता.

काम बघायला साधं होतं. काचेच्या बशीत अगरच्या जेलीचा थर ओतायचा, त्यावर जंतू पसरायचे. पू करणारे, हगवण लावणारे, टायफॉइडचे, असे तीन प्रकार सर नागपूरच्या एका डॉक्टर मित्राकडून परवानगीनं आणत. मग टीपकागदाच्या टिकल्या बुळबुळीच्या पाण्यात बुडवून त्यावर ठेवायच्या. शेजारी एक टिकली नुसत्या मिठाच्या पाण्याची, तुलनेसाठी. टिकल्या कार्यालयातल्या कागदाला भोक पाडायच्या यंत्रानं पाडलेल्या. बशा उकडायला प्रेशर कुकर. जंतूंना ऊब द्यायला रशीदभाईंनी केलेली लाकडी पेटी, आत एक बल्ब. दुसऱ्या दिवशी पेटी उघडायची. जंतू सगळीकडे दुधाच्या सायीसारखे वाढलेले दिसले आणि एखाद्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं कडं दिसलं, तर त्या टिकलीतल्या कशानं तरी जंतूंना अडवलं. ते कडं मोजपट्टीनं मोजायचं. बुळबुळ काढून झाली की मासे दिवसभर सिमेंटच्या टाकीत विसावत आणि मग सर ते रशीदभाईंच्या सायकलवरून तळ्यावर नेऊन सोडत. गिरजाबाईंना हा प्रकार कधी पटला नाही. विकत घेतलेला मासा पाण्यात सोडणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. एखादी मरळ हातात धरून त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "हे घ्या मास्तर, हे तुमचीच आहे. मले पाहून सोताच जाळ्यात आली, म्हने चाल कालेजात."

एका रविवारी सरांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या आई तेव्हा सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या पण नजरेनं कडक. सर कॉलेजातून आले की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर, हा त्यांचा नियम. मला वाढताना त्यांनी विचारलं की हा तिथं नेमकं करतो तरी काय. मी माझ्या मोडक्या मराठीत सांगितलं : मासा मरत नाही, आजी, फक्त त्याच्या अंगावरची बुळबुळ काढतात आणि तिच्यानं रोगाचे जंतू मरतात का ते बघतात. त्यांनी वाटी खाली ठेवली. "मासा मरत नाही, हे बरं. पण जंतू मरतात ना? तेही जीवच की रे सुमती." सरांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "हो आई. तेही जीवच." उत्तर तिथंच संपलं. मला वाटलं होतं ते काहीतरी समजावून सांगतील, रोगी मुलांबद्दल, औषधांबद्दल. त्यांनी तसं काही केलं नाही. आईचा प्रश्न बरोबर आहे हे मान्य करून ते तसेच कामाला जात राहिले. माणसाला अशी अडचण खिशात घेऊन काम करता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी दुसऱ्या वर्षाला गेले तोवर निकाल दिसू लागले, आणि ते फार देखणे होते. मरळ, मांगूर, वाम यांच्या टिकल्यांभोवती ठळक कडी. रोहू आणि कटला यांच्याभोवती काहीच नाही. सरांना त्याचं कारण सुचलं. रोहू-कटला मोकळ्या पाण्यातले खवल्यांचे मासे, आणि मरळ-मांगूर चिखलात राहणारे. चिखलात जंतू जास्त, म्हणून चिखलातल्या माशाला निसर्गानं बुळबुळीचं जास्त कडक चिलखत दिलं असणार. सरांना इंग्रजी बेताचं येई, म्हणून निबंध नीट उतरवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. ते चिखलाचं आणि चिलखताचं वाक्य माझं आहे. मी ते पाच वेळा लिहिलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीचं वाक्य नागपूरच्या परिषदेत वाचलं जाणार होतं. डिसेंबरअखेर परिषद. गोषवारा छापूनही आला. प्राचार्यांनी परतल्यावर सत्काराचं ठरवलं, आणि विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी कळवलं की एवढं वाचून झालं की प्रबंध दाखल करायला हरकत नाही.

परिषदेला एकोणीस दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मी दुपारचा डबा प्रयोगशाळेच्या मागे, नळाजवळच्या ओट्यावर एकटी बसून खात असे. मुलींच्या खोलीत बोलावं लागे. त्या दिवशी गिरजाबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. त्यांनी घागर नळाशी टेकवली, कमरेच्या पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, त्यातली राख दोन्ही हातांना चोळली आणि घागरीतून एकेक मरळ काढून तिच्या अंगावरून राखेचा हात फिरवून दुसऱ्या भांड्यात ठेवू लागल्या. मांगुरांना, वामींनाही तसंच. रोहूला मात्र नाही. तो नुसता उचलून टाकला. मी विचारलं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या, "मास्तरच्या हातातून सटकू नाई म्हनून. आमच्या हाताले तं राख सदाचीच. मागं त्याईले मांगूरचा काटा लागला तं तीन दिवस हात सुजून होता. शिकेल मानसाचे हात नाजूक राह्यते बाई. मी तवापासून आधीच चोळून आनतो." मग त्यांनी राख दिसू नये इतपत वरवर पाणी मारलं, भांडं उचललं आणि समोरच्या दारानं आत गेल्या.

मी डबा तसाच झाकला. सर बुळबुळ काढण्याआधी मासा एकदाच, हलक्या हातानं धूत, कारण जास्त धुतला तर बुळबुळच वाहून जाईल. लाकडाच्या राखेत तीव्र अल्कली असते आणि ती लाल लिटमस निळा करते, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सगळे बाहेर गेल्यावर मी लाल लिटमसची पट्टी मरळीच्या बाटलीत बुडवली. ती निळी झाली. मांगुराच्या बाटलीत, निळी. रोहूच्या बाटलीत लालच राहिली. निसर्गानं चिखलातल्या माशांना चिलखत वगैरे काही दिलं नव्हतं. निसरडे मासे कोणते आणि कोणते नाहीत, हे गिरजाबाईंच्या हाताला माहीत होतं, एवढंच आमच्या बशांमध्ये उमटलं होतं.

हे मी सरांना लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. लाजाळूपणामुळं सांगितलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले, आणि ते अर्धंच खरं आहे. गिरजाबाईंना बोलणी बसतील अशी भीती होती, तीही खरी. पण माझं वाक्य पुसलं जाईल, हेही होतं. रोज सकाळी सर निबंध वाचण्याचा सराव करत, माझ्याकडून एखादा उच्चार नीट करून घेत, 'चिलखत' या शब्दापाशी येऊन किंचित थांबत आणि माझ्याकडे बघून मान डोलवत. मीही मान डोलवायची... अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, निबंधाच्या पानांत घातल्या आणि तास बुडवून मागच्या ओट्यावर जाऊन बसले. सर स्वतः तिथं आले. हातात चिठ्ठी होती. चेहऱ्यावर राग शोधला तर नव्हता. गणित सोडवताना माणसाचा चेहरा होतो तसा होता. त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, "हे तुम्ही कधी पाहिलं?"

"काल," मी म्हटलं.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "अजून आठ दिवस आहेत."

त्या आठ दिवसांत त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. माझ्या लिटमसवर त्यांनी विश्वास ठेवला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गिरजाबाईंच्याच डब्यातली राख घेतली, पाण्यात कालवली, गाळली, टिकल्या बुडवल्या. त्यात मासा नव्हताच. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर मरळीच्या टिकलीभोवती असायचं तसंच, तेवढंच, स्वच्छ कडं. सरांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं, बशी उजेडात धरली आणि म्हणाले, "पाहा, किती सुरेख आहे." चार वर्षांचं काम त्या बशीत संपलं होतं आणि ते तिचं कौतुक करत होते. मग त्यांनी गिरजाबाईंना स्टुलावर बसवून, रागाचा एक शब्द न काढता, सगळं समजावलं. गिरजाबाईंचा चेहरा उतरला. "मंग माह्यापायी तुमचं वाटोळं झालं काय मास्तर?" सरांनी नाही म्हटलं. तुमचे हात का पिकत नाहीत हा प्रश्न चार वर्षं मी माशाला विचारत होतो, तो तुमच्या डब्याला विचारायला पाहिजे होता, असं म्हणाले. गिरजाबाईंनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. जाताना रशीदभाईंना म्हणाल्या, "एवढं शिकून राखच सापडली. मले पयलेच पुसलं असतं तं सांगतलं असतं." सरांनी ते ऐकलं आणि मोठ्यानं हसले. ती शाबासकी असल्यासारखी त्यांनी पुढे अनेकांना सांगितली.

परिषदेला जाऊ नये असं प्राचार्यांचं मत पडलं. आजारी असल्याची तार करा, म्हणाले. सर गेले. मीही गेले आणि मावशीकडे उतरले. सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. सरांनी छापलेला गोषवारा हातात धरला आणि साध्या, अडखळत्या इंग्रजीत सांगितलं की यात लिहिलेलं चूक आहे. मी चार वर्षं जी मोजली ती माशाची बुळबुळ नव्हती, लाकडाची राख होती. कुठंतरी हसणं उमटलं. त्यांनी राखेच्या बशीचे आकडे मरळीच्या आकड्यांशेजारी फळ्यावर मांडले. पहिल्या रांगेतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, मग आपण आलात कशासाठी? सर म्हणाले, "पुढच्या माणसानं राख मोजू नये म्हणून." मग त्यांनी माझं नाव घेतलं. आमच्या विद्यार्थिनीनं हे पाहिलं, वेळेवर सांगितलं, म्हणून आज मी खरं बोलू शकतो... वेळेवर. लोकांनी माना वळवून मागे पाहिलं. मी खाली बघत होते, आणि तो माझा विनय आहे असं सगळ्यांना वाटलं असणार.

सत्कार रद्द झाला. प्रबंध लांबला तो लांबलाच. स्टाफरूममध्ये त्यांना 'राखवाले' हे नाव पडलं, आणि एका शिक्षकांनी होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर राखेची पुडी ठेवली. सरांनी ती उघडून पाहिली, बारीक आहे, चांगली आहे म्हणाले आणि बाटलीत भरून 'तुलनेसाठी' अशी चिठ्ठी लावली. घरी मात्र या शोधानं वेगळीच पंचाईत केली. राखेनं जंतू मरतात हे सरांनी आईला सांगितलं, तेव्हा त्या चुलीपुढे बसून काशाची वाटी राखेनंच घासत होत्या. त्यांचा हात थांबला. मी तिथं होते म्हणून मला ते माहीत आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी साठ वर्षं..." नंतर सर सांगत की आई भांडी राखेनंच घासते, पण घासण्याआधी क्षणभर हात जोडते.

काम त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गिरजाबाई आता मासे ओल्या फडक्यानं धरून आणत, काटे टोचून घेत, आणि त्याबद्दल मास्तरांना सुनावत. राख नसलेल्या मरळीभोवती कडं आलं नाही. वामीभोवती नाही. मांगुराभोवती मात्र, पू करणाऱ्या एकाच जंतूच्या बशीत, नखाच्या कडेएवढं बारीक कडं आलं. सरांनी ते पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं, दुसऱ्या तळ्यातले मांगूर आणून पाहिलं. ते येत राहिलं. मागच्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ती बशी दाखवली. भिंगातून बघावं लागत होतं. त्याचा अर्थ काय, मी विचारलं. "अर्थ अजून माहीत नाही. आहे, एवढं नक्की," ते म्हणाले. चिलखताचं वाक्य त्यांना अजून पाठ होतं. फार छान वाक्य होतं, पुढे कधी खरं ठरलं तर वापरू, असं म्हणून हसले. त्या दिवशी मी त्यांना अकरा दिवसांचं सांगणार होते. बसस्टँडपर्यंत ते सोबत आले. गाडी लागली होती. मी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी वाशीमला जाऊन आले. सरांच्या आईंनी माझा हात धरून ठेवला. मग कॉलेजात गेले. रशीदभाईंनी प्रयोगशाळा उघडली. त्यांनी सांगितलं की सर गेल्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी गिरजाबाई घागर घेऊन आल्या होत्या. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसल्या, मग आता मांगूर कोण घेईल असं विचारलं, आणि घागर उचलून गेल्या. ते मासे त्यांनी विकले की काय केलं, रशीदभाईंनी विचारलं नाही.

मग रशीदभाईंनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. मी कॉलेज सोडल्यावर सरांनी ती सुरू केली होती, नव्या मुलांसाठी. वर लिहिलं होतं, 'आमच्या चुका'. प्रयोगशाळेत घडलेली प्रत्येक चूक तीत सरांच्या सुवाच्य अक्षरात उतरवलेली : काय चुकलं, कसं कळलं, कोणी पाहिलं, कधी पाहिलं. सरांच्या स्वतःच्या चुका सर्वांत जास्त, तारखांसकट. कुकरची वाफ कमी पडली ती तारीख, मोजपट्टी उलटी धरली ती तारीख. पहिलंच पान राखेचं होतं. गिरजाबाईंचं पूर्ण नाव आणि त्यांचं मूळ उत्तर त्यांच्या शब्दांत. लिटमसचा रंग. आणि खाली, 'कोणी पाहिलं' यापुढे माझं नाव. 'कधी पाहिलं' यापुढे काही नव्हतं. एवढ्या भरलेल्या वहीत तेवढीच एक जागा कोरी होती.

"हमनेही एकदा पूछा था," रशीदभाई म्हणाले, "की सर, इथं तारीख टाकायची राहून गेली. तं सर म्हने, राहून नाई गेली रशीदभाई. ज्याची हाय, ते टाकतील."

मी 'काल' म्हटलं होतं, पण तो दिवस बाजाराचा नव्हता आणि गिरजाबाई बाजाराच्या दिवशीच येतात हे सरांना माहीत होतं. रशीदभाई खिडक्या उघडायला गेले. त्यांना काही विचारायचं नव्हतं. मग मी पेन काढलं आणि खरी तारीख लिहिली, नळाजवळच्या ओट्यावरची. तेवढ्यानं भागत नव्हतं, म्हणून पुढे लिहिलं : 'सरांना अकरा दिवस सांगितलं नाही.' खाली सही केली. मराठीतच.

रशीदभाई परत आले. त्यांनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही उघडीच धरली. मग ती खणात न ठेवता बशांच्या शेजारी, टेबलावर ठेवून दिली. साडेअकराला पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं, आणि नव्या मुलांनी आधी ते पान वाचायचं असा सरांचा नियम होता.